बारा लाखाच्या देशाचा अभ्यास करून काय मिळणार?

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय. पब्लिक हेल्थची मास्टर्स करतीय, थिसिसला मॉरिशस घ्यायचा विचार आहे, तिथली कमाई, पर्यावरण आणि आरोग्य तिन्ही एकत्र बघायचंय आणि ते आपल्या बेळगाव जिल्ह्याशी लावून बघायचंय. गाईड म्हणाले की बारा साडेबारा लाखाचा देश, आपला जिल्हाच त्याच्या चौपट, एवढ्याशा आकड्यातनं काय निघणार, आणि तिन्हीपैकी एकच विषय धर. आता तिचा प्रश्न असा की गाईडचं ऐकू का.

बाळ, माझी पोरगी तुझ्याच वयाची आहे म्हणून तू म्हणते, राग मानू नको. २३ वर्षं मी या भागात आरोग्याचे सर्व्हे केलेत, खानापूरच्या वाड्यांवर, निपाणीच्या गल्ल्यांत, चिकोडी अथणीच्या उसाच्या पट्ट्यात, आणि मॉरिशसचे अभ्यास मी कॉलेजात असल्यापासनं वाचत आले. तेव्हा उत्तर जरा लांबणार.

आधी गाईडच्या आकड्याचं बघू. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्हा ४७ लाख ७९ हजार, क्षेत्रफळ १३ हजार ४०० चौरस किलोमीटरच्या वर. मॉरिशस सगळी बेटं धरून २०४० चौरस किलोमीटर आणि माणसं साडेबारा लाखाच्या आसपास. म्हणजे चौपट हे बरोबर आहे. पण लहान असल्यानं अभ्यास लहान होतो हे बरोबर नाही. लहान देशात सरकारनं एक निर्णय घेतला की तो एकाच दिवशी सगळ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचतो, आणि पाच वर्षांनी तू परत गेलीस तर बहुतेक तीच माणसं तिथंच सापडतात. आपल्याला हे दोन्ही मिळत नाही. का मिळत नाही ते पुढं सांगते, कारण तुझ्या थिसिसचा खरा विषय मला तोच वाटतो.

तेलाची गोष्ट घे, मला सगळ्यात आवडणारी. मॉरिशसमध्ये १९८७ साली देशभर एक मोठा सर्व्हे झाला, साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, वजन सगळं मोजलं. तिथं रेशनचं स्वस्त तेल असायचं, गरीब घरात तेच चालायचं आणि ते मुख्यतः पामतेल होतं. त्याच वर्षी सरकारनं त्या रेशनच्या तेलातलं पामतेल काढून सोयाबीनचं तेल घातलं. लोकांना कुणी रोज येऊन सांगितलं नाही की तेल बदला, दुकानात जे मिळतं तेच बदललं. १९९२ ला परत सर्व्हे केला तेव्हा लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरनं ४.७ वर आलेलं, आपल्याकडच्या लॅबच्या भाषेत २१३ च्या आसपास होतं ते १८२ च्या आसपास. पाच वर्षांत अख्ख्या देशाची सरासरी ३० नी खाली, हे गोळ्या देऊन करायचं म्हटलं तर किती खर्च आला असता विचार कर. आता सगळी घट एकट्या तेलाच्या नावावर लिहू नको हं, त्याच वर्षांत देशभर आरोग्याचा प्रचारही चालू होता आणि पुरुषांमधलं सिगरेट ओढण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांवरनं ४७ वर आलं होतं, ते त्याच सर्व्हेत दिसतं.

आणि जे घडलं नाही तेही तेवढंच महत्त्वाचं आहे. त्याच पाच वर्षांत लठ्ठपणा वाढला, आणि शुगरचं प्रमाण काही खाली आलं नाही. १९८७ ला मोठ्या माणसांत साधारण १४ टक्के डायबेटिस होता, २००९ च्या सर्व्हेत तो २० टक्क्यांच्या पुढं गेलेला. म्हणजे दुकानातलं तेल बदलून हृदयाचं एक काम झालं, पण उसाच्या शेतात राबणारी माणसं ऑफिसात, कारखान्यात बसायला लागली, बसनं फिरायला लागली, त्याला तेल काय करणार. अजून एक, तिथं भारतातनं गेलेले, आफ्रिकेतल्या वंशाचे क्रिओल आणि चिनी अशी तिन्ही माणसं आहेत आणि शुगर तिन्हींमध्ये भरपूर निघाली. तोपर्यंत "भारतीयांच्या रक्तातच आहे" म्हणून विषय संपवायची पद्धत होती. एकाच बेटावर, एकाच बाजारातनं खाणारी तिन्ही समाजाची माणसं शेजारी शेजारी मोजली म्हणून कळलं की राहणीचा वाटा केवढा आहे. एवढ्या लहान जागेत हे नीट बघता येतं, मोठ्या देशात प्रत्येक समाजाचं राहणं, खाणं, हवा सगळंच वेगळं पडतं आणि मग कशामुळं काय झालं ते सुटत नाही.

हेच तेल मी आपल्याकडं मोजायला गेले होते खानापूरच्या काही गावांत, तेव्हाचं सांगते. फॉर्ममध्ये प्रश्न होता, महिन्याला किती लिटर तेल लागतं. एक बाई म्हणाली "दोन पाकिटं", दुसरी म्हणाली "बाजाराच्या दिवशी आणतो तेवढं", तिसरीच्या घरात शेंगतेल घाण्यावरनं आणलेलं कळशीभर होतं आणि ते नवऱ्याच्या भावाकडंही जात होतं. आणि पाकिटात काय असतं तर कधी सूर्यफूल, कधी पाम, जे स्वस्त असेल ते. मध्यंतरी रेशनवरही पामतेल मिळालं, पण सीमेपलीकडं चंदगडला बहीण असली तर तिकडच्या रेशनचं काही इकडं येणार आणि इकडचं काही तिकडं जाणार, हे तर घराघरात चालतं, त्यात चूक काहीच नाही. पण तुला अभ्यास करायचाय ना, मग कर्नाटकच्या रेशनचा परिणाम कर्नाटकच्या माणसावर झाला हे तू कसं दाखवणार? मॉरिशसला चारी बाजूंनी समुद्र आहे, आपल्याला नाही.

मलेरियाचं पण बघ. रोनाल्ड रॉस, ज्यांनी १८९७ ला सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला, ते १९०७-०८ ला मॉरिशसला गेले होते सरकारच्या सांगण्यावरनं. तिथं १८६७ च्या साथीत हजारोंनी माणसं मेली होती. रॉसनी काय केलं तर पोरांच्या पोटावर हात ठेवून प्लीहा वाढलीय का ते बघितलं, गावोगाव, आणि मग बसून गणित मांडलं, की माणसामागं डास अमुक इतक्याच्या खाली आणले तर मलेरिया आपोआप विझतो, शेवटचा डास मारायची गरज नाही. कोविडच्या काळात टीव्हीवर रोज जे ऐकलं की एका पेशंटपासनं किती जणांना होतो, त्या हिशोबाच्या मुळाशी हे मॉरिशसचं गणित आहे. बारा लाखाच्या देशातनं काय निघणार म्हणणाऱ्यांना हे जरूर सांग, तेव्हा तर लोकसंख्या चार लाखाच्याही आत होती.

पुढं १९७३ ला मलेरिया गेला म्हणून जाहीर झालं, आणि १९७५ ला मोठं चक्रीवादळ आलं, घरं पडली, पाणी साचलं, बाहेरनं कामाला माणसं आली आणि मलेरिया परत आला. मग परत बावीस वर्षं काम, तिथंच झालेला शेवटचा पेशंट १९९७ चा. तेव्हापासनं आजही मलेरिया असलेल्या देशातनं कुणी उतरलं की विमानतळावर नोंद होते आणि आरोग्य कर्मचारी घरी जाऊन रक्त घेतो. या एका गोष्टीत हवामान, बांधकामाचे मजूर आणि आजार तिन्ही एकत्र आलेत की नाही? मग गाईडना विचार, यातलं कुठलं एक धरायचं आणि कुठलं सोडायचं.

उसाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुला तुझ्या गावात रोज दिसतं. मॉरिशसची सगळी मांडणी उसावर उभी राहिली. १८३४ नंतर भारतातनं जवळजवळ पाच लाख माणसं करारावर नेली, त्यात कोकणातली, आपल्या घाटावरची मराठी माणसं पण होती, त्यांचे वंशज अजून तिथं आहेत आणि शाळेत मराठी शिकतात. त्या माणसांच्या नोंदवह्या, नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, अजून मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्यात. तिथल्या इंग्रज सरकारनं ती नोंद मजुरांवर नजर ठेवायला केली होती, त्यात दया माया काही नव्हती. पण दीडशे वर्षांनी त्याच वह्यांतनं लोकांना आपलं मूळ गाव सापडतंय.

१९६१ ला जेम्स मीड नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी अहवाल दिला की लोकसंख्या अशीच वाढली आणि सगळं उसावरच राहिलं तर या देशाचं अवघड आहे. पुढं १९७७ ला त्यांना नोबेल मिळालं. पण देश बुडाला नाही, कारण त्याच दशकात बायकांनी मुलं कमी केली, १९७० ला निर्यात क्षेत्राचा कायदा आला, कपड्याचे कारखाने निघाले आणि त्यात बायकाच जास्त करून कामाला लागल्या. लोक म्हणतात मीड चुकले, मला तसं वाटत नाही, त्यांनी "असंच राहिलं तर" म्हटलं होतं आणि तसं राहिलं नाही. तू वाचताना तो "तर" वाच. नंतर युरोप मॉरिशसच्या साखरेला जी ठरलेली जादा किंमत देत होता ती २००६ ते २००९ मध्ये ३६ टक्क्यांनी कापली, बारक्या शेतकऱ्यांनी ऊस सोडला, रानं पडली. आपल्याकडं दर दिल्लीत ठरतो, तिकडं ब्रुसेल्सला ठरायचा. आपल्या जिल्ह्यात पंचवीसहून जास्त कारखाने आहेत, तेव्हा दर ठरवणारा दुसरा आणि रान आपलं म्हणजे काय हे तुला समजवायला नको.

आणि २०२० चा तो जहाजाचा अपघात. २५ जुलैला वाकाशियो नावाचं जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं, ऑगस्टमध्ये साधारण हजार टन तेल समुद्रात गेलं. लोकांनी वाट बघितली नाही, उसाचा वाळला पाला कापडात भरून, शिवून, मोठमोठे गुंडाळे केले आणि तेल अडवायला पाण्यात सोडले. मी तो फोटो बघून रडले होते खरं सांगते. आपण तेच पाचट काडी लावून पेटवतो आणि डिसेंबर जानेवारीत गावभर खोकला सुरू होतो.

आता मूळ मुद्दा. लहान देशाचं बळ कशात आहे तर कोण आत आणि कोण बाहेर हे ठरलेलं असतं. शंभरातले किती आजारी हे सांगायला आधी शंभर कोण ते माहीत पाहिजे. आपल्या सीमाभागात तेच माहीत नसतं. निपाणीकडचा माणूस दवाखान्याला कोल्हापूरला जातो, अथणी कागवाडचा मिरजेला, खानापूरचा गोव्याला बांबोळीला. माझ्या एका सर्व्हेत एक मावशी होत्या, शुगरनं पाय गेला, ऑपरेशन पलीकडच्या राज्यात झालं, औषधं इकडच्या मेडिकलमधनं, आणि गेल्या त्या रानातल्या घरात. आम्ही नंतर बघितलं तर तिकडच्या दवाखान्यात त्या "घरी सोडलं" म्हणून होत्या, इकडच्या आरोग्य केंद्राच्या यादीत त्यांना शुगर होती हीच नोंद नव्हती. बाई दोन राज्यांत मिळून एकदाही मोजली गेली नाही. असे किती असतील, हे मला २३ वर्षांत कुणी विचारलं नाही आणि मला ते सलतं.

पाण्याचं पण तसंच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दूधगंगा वेदगंगा कृष्णा सगळ्याच चढल्या, धरणं वर महाराष्ट्रात, अलमट्टी खाली कर्नाटकात, राजापूर बंधाऱ्यातनं किती क्युसेक्स सोडलं ते एका सरकारचं आणि किती गावांत पाणी शिरलं ते दुसऱ्या सरकारचं. नदी एकच, पूर एकच. कोविडात कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर मागायला लागले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी येणाऱ्या जाणाऱ्याची नोंद केली, आणि ते संपल्यावर ती वही पण संपली.

म्हणून माझं म्हणणं, आपल्या भागात काही होत नाही असं समजू नको. २००२ ते २००५ मध्ये याच जिल्ह्यात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १६२० बाळंतिणींचा अभ्यास झाला, बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी केला, घरी आणि उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. बाळंतपणानंतर जास्त रक्त जाण्याचं प्रमाण नुसती दिसायला तशी गोळी मिळालेल्यांत १२ टक्के, खरी गोळी मिळालेल्यांत ६.४ टक्के निघालं, २००६ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी या कामासाठी आवश्यक औषधांत घेतली. रक्त अंदाजानं सांगायचं नाही म्हणून बाईच्या अंगाखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली होती. अशाच मापाच्या पिशव्या वापरून २०२३ ला आफ्रिकेतल्या चार देशांत दोन लाखाच्या वर बायकांचा अभ्यास आला, लवकर ओळखून एकदम उपचार केले तर गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण साठ टक्क्यांनी कमी होतं. १६२० बायका, सांग गाईडना. त्या चार केंद्रांच्या हद्दीतली प्रत्येक गरोदर बाई नर्सबाईला नावानिशी माहीत होती, म्हणून तो अभ्यास उभा राहिला.

लहान आकड्याचे तोटे पण आहेत, ते लपवू नको. मॉरिशसचं रॉड्रिग्ज बेट चाळीस हजारांवर वस्तीचं, तिथं एका वर्षी चार बाळं दगावली आणि पुढच्या वर्षी सात, तर पेपरवाले पाऊणपट वाढ म्हणून छापतील आणि तसं काहीच झालेलं नसेल. तीन तीन, पाच पाच वर्षं एकत्र करून बघायचं. दुसरं म्हणजे नाव लपत नाही. वाडीचं नाव, वय आणि धंदा एवढं लिहिलंस की अख्खा तालुका ओळखतो कुणाबद्दल लिहिलंय ते. टीबी, गर्भपात, दारू असलं काही असेल तर वाडीचं नाव अजिबात छापू नको, गाईडनी आग्रह केला तरी नको. माझ्या हातनं एकदा सुरुवातीला एका गावचं नाव अहवालात राहिलं आणि त्या गावच्या दोन पोरींची लग्नं ठरताना त्याचा विषय निघाला, ते मी आजही विसरले नाही.

प्रश्न विचारायचं तर तुझ्याच बोलीत विचार. फॉर्म बंगळूरात कन्नडमध्ये तयार होतो, मग कुणीतरी शब्दाला शब्द ठेवून मराठी करतं. "आपणांस मधुमेह आहे काय" म्हटलं की लोक नाही म्हणतात, "शुगर हाय का" म्हटलं की दोन गोळ्यांची पाकिटं आणून दाखवतात. "तंबाखू खाता का" ला बायका मान हलवतात, "मिश्री लावता का" म्हटलं की होय म्हणतात, आणि निपाणी भागात ज्या घराचं पोट तंबाखूच्या वखारीवर किंवा विड्यांवर आहे तिथं हा प्रश्न शेवटी विचार, चहा झाल्यावर, कारण त्यांना वाटतं तू धंदा बंद करायला आलीस. एका घरात माणसं किती हे विचारताना "कुटुंब" म्हणू नको, एका चुलीवर जेवणारे किती ते विचार.

तेव्हा गाईडना असं सांगून बघ. मॉरिशस आपल्या जिल्ह्याशी तोलून बघायला घेतलेलं नाही, तिथं देशाच्या कडेला नोंद होते आणि आपल्याकडं कडेलाच नोंद सुटते, या एका गोष्टीवर थिसिस आहे, आणि त्यात कमाई, हवापाणी आणि आजार तिन्ही येणारच कारण माणूस सीमा ओलांडतो तो मजुरीला, पाण्याला नाहीतर दवाखान्याला. अख्खा जिल्हा घेऊ नको. सीमेला लागून असलेली चार गावं घे, दोन इकडची आणि दोन तिकडची, आणि चूल न् चूल मोज. दोन्हीकडच्या आशाताईंची वही शेजारी शेजारी ठेवून एकच नाव दोन्हीत आहे का, की दोन्हीत नाही, ते बघ. तिकडच्या ताईंना भेटायला जाताना इकडच्या ताईंना बरोबर घे, बहुतेक त्यांचं माहेर तिकडंच असतं, कागद लागणार नाही.

आणि काम दिवाळीनंतर लगेच सुरू कर. ऊसतोडीच्या टोळ्या तेव्हा आलेल्या असतात, बीडकडनं, विजापूरकडनं, ती माणसं चार पाच महिने आपल्याच शिवारात राहतात, आपलंच पाणी पितात, त्यांच्या बायका इथंच बाळंत होतात आणि ती कुणाच्याच वहीत नसतात. फेब्रुवारी संपत आला की परत फिरायला लागतात. गावातली घरं नंतर मोजलीस तरी चालतील, आधी त्यांच्या खोपी मोज.